धागा : माशांच्या हालचालीवर सूर आणि दिवे – गणपतीच्या देखाव्यासाठी अ‍ॅक्वेरियम करायचंय, जाणकारांनी सांगा

शहापूरकर

मंडळींनो, बेळगावात आमच्या गल्लीच्या मंडळात दरवर्षी तेच. हलते पुतळे नाहीतर थर्माकोलचा किल्ला. यंदा पोरांच्या डोक्यात वेगळंच शिरलंय. चार फुटी काचेची टाकी, त्यात गोल्डफिश, आणि मासा जिकडे जाईल तसा आवाज आणि रंग बदलणार. मासा वर आला की दिवे निळे, डावीकडे गेला की तबला, उजवीकडे गेला की बासरी, असं काहीतरी. एकजण म्हणतो अल्ट्रासॉनिक सेन्सर लावू, दुसरा म्हणतो लेझरचे पडदे टाकू. माझं इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमापुरतं, तेही विसरलेलं.

लॅपटॉप एक आहे, वेबकॅम आहे. एलईडी पट्ट्या गेल्या वर्षीच्या पडल्यात. जागा मंडपात, गल्लीच्या तोंडाशी. टाकी १२० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटर सांगितली आहे, अजून घेतलेली नाही. कुठून सुरुवात करू?

निपाणीकर

लई भारी! फक्त लॅपटॉपवर बँकेचं काही उघडं ठेवू नका. जपानमध्ये एका यूट्यूबरनं असाच कॅमेरा लावून माशांना पोकेमॉन खेळायला बसवलेलं. २०२३ मध्ये मालक नसताना गेम बंद पडला, मासे आपले फिरतच राहिले, आणि फिरता फिरता दुकानाच्या पानावर जाऊन मालकाच्या कार्डावरून ५०० येन भरून मोकळे झाले. तुमचे मासे मंडळाची वर्गणी उडवतील बे.

उद्यमबाग

सेन्सर विसरा. अल्ट्रासॉनिकचा आवाज काचेवरूनच परत येतो, आत माशापर्यंत पोचतच नाही. लेझरचा पडदा एवढंच सांगतो की कुणीतरी ओलांडलं. कोण, किती वेगानं, कुठून कुठे, यातलं काही नाही. कॅमेराच पाहिजे.

पण नुसता वेबकॅम समोर ठेवलात तर पहिल्याच संध्याकाळी गोंधळ होईल. तुमचेच रंगीत दिवे पाण्यावर पडणार, काचेत लोकांचे चेहरे दिसणार, आणि संगणकाला प्रत्येक चमक मासा वाटणार. म्हणून कॅमेऱ्याचा उजेड आणि माणसांचा उजेड वेगळा करायचा. टाकीच्या मागे दुधी अ‍ॅक्रिलिकची शीट, तिच्यामागे इन्फ्रारेड एलईडी, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा उजेड देणारी. कॅमेरा आतली इन्फ्रारेड गाळणी काढलेला घ्या (रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा तसा तयार मिळतो) आणि त्याच्यापुढे साधा उजेड अडवणारी काळी गाळणी लावा. मग बाहेर लाल, निळं, हिरवं काहीही नाचू दे, कॅमेऱ्याला फक्त पांढरी पाटी आणि तिच्यावर काळे मासे दिसतात.

एलईडी ८५० नॅनोमीटरचीच घ्या. दुकानदार ९४०ची गळ्यात मारायला बघेल, कारण ती अजिबात दिसत नाही. ती हवेत ठीक आहे, पण पाणी ती जवळजवळ सगळी गिळतं. ८५०चा उजेडसुद्धा दीड फूट पाण्यात बराच कमी होतो, म्हणून पट्ट्या सढळ हातानं लावा.

आणखी एक. इंटरनेटवरचे बहुतेक नमुने पार्श्वभूमी शिकणारी पद्धत वापरतात. जे हलत नाही ते हळूहळू पार्श्वभूमी समजायचं. रस्त्यावरच्या गाड्यांना ते चालतं. मासा एका जागी थांबून कल्ले हलवत बसला की थोड्या वेळानं तो संगणकाच्या लेखी गायब! मागून उजेड असेल तर या भानगडीत पडायची गरजच नाही. काळं ते मासा, पांढरं ते पाणी. ठरावीक आकारापेक्षा लहान डाग सोडून द्यायचे. हवेचे बुडबुडे जिथून येतात तो कोपरा आणि पाण्याखालची वरची एक पट्टी चित्रातून कापून टाका. पाण्याचा पृष्ठभाग खालून आरशासारखा दिसतो, वर आलेल्या माशाची उलटी प्रतिमा तिथं पडते आणि एकाचे दोन मोजले जातात.

मासेवाला_कॅम्प

तुमच्या सगळ्यांचं झालं असेल तर माशांचं बोलू? माझा धंदाच हा, गणपतीच्या आधी अशी चौकशी येतेच. चौथ आली की टाकी न्यायची, त्याच संध्याकाळी मासे सोडायचे, आणि तिसऱ्या दिवशी फोन, "काका, मासे वर येऊन तोंड उघडताहेत."

नवी टाकी म्हणजे नुसतं पाणी. माशाच्या विष्ठेतून अमोनिया होतो, त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर मासा आपल्याच घाणीत. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते मारायला आधी हायपो घालावा लागतो. २४० लिटर पाणी, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन २४० किलो. मंडपाच्या फळ्यांवर ठेवणार आहात का?

आणि आवाज. गोल्डफिश कार्पच्या कुळातला. या कुळात हवेची पिशवी आणि आतला कान यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी असते, वेबरची हाडं म्हणतात तिला. पिशवी ढोलासारखी थरथरते आणि ते थेट कानात जातं. त्यामुळे गोल्डफिशला इतर कितीतरी माशांपेक्षा चांगलं ऐकू येतं, तीन हजार हर्ट्झपर्यंत. शिवाय अंगावरची पार्श्वरेषा खालचे, घुमणारे कंप टिपते. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून बहुतेक परत फिरतो हे खरं, पण स्पीकर टाकीच्या स्टँडवर किंवा त्याच फळीवर ठेवलात तर कंप लाकडातून, काचेतून सरळ आत. गल्लीच्या तोंडाशी मंडप म्हणजे येणारी-जाणारी प्रत्येक डॉल्बी त्या माशांच्या पोटातून जाणार.

शहापूरकर

मामा, रागावू नका की. म्हणूनच विचारतोय. मंडपाऐवजी तालमीच्या खालच्या खोलीत ठेवली तर? फरशी पक्की आहे, रस्त्यापासून आत आहे. आणि गोल्डफिश नको असेल तर गप्पी चालतील का? त्या आरोग्य खात्याकडून डासांसाठी फुकट मिळतात.

मासेवाला_कॅम्प

तालीम उत्तम. गप्पीला ती वेबरची हाडं नसतात, म्हणजे आवाजाचा त्रास कमी, पण जेमतेम इंचाचा मासा. तुमच्या कॅमेऱ्याला तो आणि पानाचा तुकडा सारखाच. आणि भाद्रपदात आपल्याकडे पाऊस लागला की पाणी गार पडतं, गप्पीला हीटर लागेल. गोल्डफिशला गार पाणी मानवतं. चार घ्या, सहा नको. घाण फार करतो तो.

टाकी आत्ताच लावा. मी माझ्या चालू टाकीतला फिल्टरचा जुना स्पंज देतो, जिवाणू त्यातूनच येतील. आणि अनंत चतुर्दशीनंतर मासे परत माझ्याकडे आणायचे. "विसर्जन" म्हणून तळ्यात नाहीतर मार्कंडेय नदीत सोडलेत तर पुढच्या वर्षी दारात उभं करणार नाही. गोल्डफिश तिथं जगला तर चिखल उकरून पाणी गढूळ करतो आणि इथल्या माशांची अंडी खातो.

तंबोरा

मी गाते, शिकवते. तंत्रातलं कळत नाही, पण "डावीकडे तबला" वाचून राहवलं नाही. मासा तालात पोहत नाही हो! तबल्याचे बोल असे सुटे-सुटे कुठेही पडायला लागले की पाचव्या मिनिटाला लोक कानावर हात ठेवतील. ताल सोडा. सूर घ्या, आणि तेही एकमेकांशी कधीच न भांडणारे.

भूपाचे पाच स्वर घ्या. सा रे ग प ध. कुठलाही कुठल्याहीनंतर आला तरी कानाला खुपत नाही. खाली अखंड तंबोरा ठेवा, म्हणजे मासे गप्प बसले तरी खोली रिकामी वाटणार नाही. एक विनंती, कीबोर्डचे तयार स्वर घेऊ नका. त्याचा गंधार तंबोऱ्याशी चढा लागतो. संगणकाला कंपनसंख्याच द्या. सा २४० धरला तर रे २७०, ग ३००, प ३६०, ध ४००, वरचा सा ४८०. हा गंधार तंबोऱ्यात आपोआप ऐकू येणाऱ्या गंधाराशी मिळतो, आणि मासा त्यावर आला की खोलीत जे होतं ते ऐकूनच कळेल.

आता कुणी बुजुर्ग येऊन "हा भूप कुठे, हा तर देशकार" म्हणणारच. स्वर दोन्हीकडे तेच आहेत. भूप गंधारावर विसावतो, देशकार धैवतावर. मासा कुठे विसावेल ते तुमच्या हातात नाही, तेव्हा रागाचं नाव पाटीवर लिहू नका. कुमार गंधर्व १९२४ साली जन्मले ते सुळेभावीला, इथून किती लांब आहे? या भागात चुकीचा राग लिहून सुटका नाही.

उद्यमबाग

ताई, एक नंबर. म्हणजे टाकीचे आडवे पाच पट्टे. तळाला सा, वर ध. मासा पट्टा बदलेल तेव्हाच एक स्वर वाजवायचा आणि तो आपोआप विरू द्यायचा. डावी-उजवी बाजू दोन स्पीकरमध्ये वाटायची, वेगावर आवाजाचा लहानमोठेपणा.

यात एक पीडा आहे. मासा बरोब्बर दोन पट्ट्यांच्या रेषेवर थांबला की त्याचा मध्यबिंदू एक-दोन पिक्सेल वर-खाली होत राहतो, आणि रे-ग-रे-ग-रे-ग असा पाऊस सुरू होतो. इलाज असा की रेषा एक नाही, दोन धरायच्या. वर जाताना वरची ओलांडली तरच ग, खाली येताना खालची ओलांडली तरच रे. मधल्या पट्टीत असेल तर आधीचंच खरं मानायचं.

निपाणीकर

म्हणजे सीमाभागातला मासा! मधल्या पट्टीत बसून दोन्हीकडचं वाजवतोय. आणि निकाल काय, तर आहे तसंच चालू दे. उद्यमबागवाले, तुम्ही दिल्लीला जावा.

तंबोरा

😄 दोन्हीकडचं वाजवणारे या मातीत कमी झाले नाहीत, आणि चांगलं वाजवलंय.

मलप्रभा

खानापूर तालुक्यात शाळेवर आहे. आमच्या वर्गाबाहेर एक टाकी आहे, तिच्याकडे रोज बघते म्हणून सांगते. तुमचे पाच समान पट्टे चालणार नाहीत. मासे टाकीभर सारखे फिरत नाहीत. आमचे तिघे बहुतेक वेळ खालच्या तिसऱ्या भागात वाळू तोंडात घेऊन थुंकत असतात. आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली की उजव्या वरच्या कोपऱ्यात गोळा, कारण शिपाईमामा तिथून दाणे टाकतात. घंटा आणि दाणे यांचा संबंध त्यांनी केव्हाच लावलाय. समान पट्टे केलेत तर दिवसभर सा-रे, सा-रे, आणि दाण्याच्या वेळी चौघांचाही धैवत.

त्यापेक्षा आधी तासाभराचं चित्रीकरण करा, मासे किती वेळ कुठल्या उंचीवर असतात ते काढा, आणि रेषा अशा पाडा की प्रत्येक पट्ट्याच्या वाट्याला साधारण सारखा वेळ येईल. तळाचे पट्टे अरुंद होतील, वरचे रुंद. सकाळ आणि संध्याकाळ वेगळी निघाली तर दोनदा चित्रीकरण करा.

दुसरं, बघणाऱ्यांचं. "हे मासेच वाजवताहेत कशावरून? रेकॉर्डिंग असेल." हा प्रश्न गर्दीतला प्रत्येक दुसरा माणूस विचारणार. स्वर विरत विरत येतो, मासे चार, कुणामुळे काय झालं ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून दिव्यांना वेगळं काम द्या. टाकीच्या वरच्या कडेला बाहेरून एक पट्टी, आणि प्रत्येक माशाच्या बरोबर डोक्यावर त्याचा एक दिवा. मासा सरकला की दिवा सरकतो. हे लहान पोरालाही क्षणात कळतं, आणि एकदा दिव्यावर विश्वास बसला की सुरावरही बसतो.

निपाणीकर

बाई, हे असलं कुणी आधी केलंय का? का आपणच पहिले?

मलप्रभा

केलंय की. क्वाएट एन्सेम्बल म्हणून इटालियन कलाकारांची जोडी आहे, त्यांनी पाच टाक्यांत पाच गोल्डफिश ठेवून त्यांच्या वर-खाली होण्यावर पाच वाद्यं सोपवली होती. सेलेस्त बुर्सिये-मुजनो या फ्रेंच कलाकारानं दालनात विजेच्या गिटारी मांडून त्यावर फिंच पक्षी मोकळे सोडले. पक्षी तारेवर बसला की सूर. आणि २०२२ मध्ये इस्राएलच्या बेन-गुरियन विद्यापीठानं गोल्डफिशची टाकीच चाकांवर बसवली. मासा ज्या दिशेला तोंड करून कडेला जाईल तिकडे गाडी चालायची. सहा मासे ती चालवायला शिकले, गाडी ठरलेल्या खुणेपाशी नेली की खाऊ मिळायचा.

या तिन्हींत फरक आहे बघा. गाडीच्या माशाला आपल्या हालचालीचं फळ मिळतं, म्हणून तो शिकतो. तुमच्या माशाला सुराचं काही मिळणार नाही, मिळूही नये. त्याला कळतासुद्धा कामा नये की काही वाजतंय.

मासेवाला_कॅम्प

बाईंनी मुद्द्यावर बोट ठेवलं. मी याच्याही पुढे जातो. उजेड आणि आवाज टाकीत परत शिरला तर तुमचं यंत्र माशाची हालचाल दाखवतच नाही, माशाची भीती दाखवतं. अचानक प्रकाश पडला किंवा दणका बसला की मासा इंग्रजी सी-सारखा वाकून उसळतो. मेंदूत मागच्या बाजूला दोन मोठ्या पेशी असतात, माउथनर पेशी, त्यांच्या एका इशाऱ्यावर सगळं अंग एका बाजूला आवळतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत काम खल्लास. तुम्ही वेगावर आवाज ठेवलाय. मासा दचकला की आवाज मोठा, आवाज मोठा की पुन्हा दचकणार. लोक म्हणतील, वा, काय रंगलंय! तो जीव वाचवायला पळतोय आणि तुम्ही टाळ्या वाजवताय.

माझ्या एका गिऱ्हाइकानं टाकीच्या आतच रंग बदलणारी पट्टी सोडली होती, गाण्यावर लुकलुकणारी. महिन्याभरानं गेलो तर मासे मागच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या आडोशाला, पंख अंगाला चिकटवून. खाणं निम्म्यावर. पट्टी काढायला लावली, तेव्हा कुठे हळूहळू पुढे यायला लागले.

तेव्हा अटी ऐका. दिवे सगळे बाहेर, तोंड लोकांकडे, पट्टीच्या आतल्या बाजूला काळा पत्रा. टाकीत एकच पांढरा मंद दिवा, सकाळी चालू, रात्री दहाला बंद, मध्ये कमी-जास्त नाही. स्पीकर वेगळ्या विटांच्या कट्ट्यावर, खाली रबर, भिंतीला टेकवायचा नाही. आणि वेगावर आवाज ठेवूच नका. ठेवायचाच तर उलटा ठेवा. मासा जोरात पळाला तर सूर मंद.

उद्यमबाग

उलटा वेग! हे मला सुचलं नसतं. संगणकात एक ओळ आहे. चौघेही एकदम उसळले तर अर्धा मिनिट फक्त तंबोरा, असंही करता येईल. लोकांनाही कळेल की काच वाजवली की गाणं थांबतं.

शहापूरकर, आता विजेचं. पट्ट्या बहुतेक डब्ल्यूएस २८१२बी असतील, पाच व्होल्टच्या. मीटरला ६० दिवे, प्रत्येक पूर्ण पांढरा लावला तर ६० मिलिअँपिअर, म्हणजे मीटरला ३.६ अँपिअर. तीन मीटर लावणार असाल तर हिशेबानं अकरा, म्हणून पाच व्होल्ट पंधरा अँपिअरचा सप्लाय घ्या आणि दोन्ही टोकांना तारा जोडा, नाहीतर शेवटचे दिवे पिवळट पडतात. दिवे चालवायला ईएसपी३२ हा छोटा बोर्ड वापरणार असाल तर त्याचा सिग्नल ३.३ व्होल्टचा असतो, मध्ये तो पाच व्होल्टचा करणारी ७४एएचसीटी१२५ चिप टाका, नाहीतर दिवे मनाला येईल तसे लुकलुकतात आणि तासन्‌तास प्रोग्रॅम तपासत बसाल. दोन्ही बाजूंची ग्राउंड जोडायला विसरू नका.

सप्लाय टाकीच्या वर किंवा खाली नको, बाजूला लांब. टाकीतून येणारी प्रत्येक वायर आधी खाली लोंबू द्या, मग वर सॉकेटला न्या, म्हणजे थेंब वायरवरून ओघळत प्लगात जात नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच, असल्याशिवाय काहीही चालू करू नका. ओल्या फरशीवर अनवाणी माणसं येणार आहेत.

प्रोग्रॅमसाठी पायथन आणि चित्रातला मासा शोधायला ओपनसीव्ही, सुरासाठी प्युअर डेटा. दोन्ही फुकट. माशाला नंबर देऊन "हा माझा बासरीवाला" असं करू नका. दोन मासे एकमेकांवरून गेले की संगणक त्यांची अदलाबदल करतो. स्वर जागेला द्या, माशाला नको.

चिकोडीकर

लाइट गेली तर? आमच्याकडे गणपतीत हमखास जाते. सूर बंद पडू दे, हवा बंद पडता कामा नये. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप मिळतो, लाइट गेली की आपोआप सुरू होतो. इन्व्हर्टरवर पहिलं कनेक्शन फिल्टरचं, लॅपटॉपचं नंतर.

शहापूरकर

काल सगळे तालमीत बसलो. पोरांना "वेग वाढला की आवाज कमी" हे आधी पटेना, मग मामांचं ते सी-सारखं वाकणं वाचून दाखवलं. तबला गेला. मंडप गेला, तालमीची खोली नक्की.

पण एक अडचण निघाली. खोली दहा बाय बारा. कॅमेऱ्यात चार फूट टाकी मावायला तो साडेतीन फूट मागे पाहिजे. दर्शनाची रांग त्याच्या मधूनच जाणार. लोक मध्ये आले की संगणकाला काळंच काळं. वरून लावला तर उंची कळत नाही, मग स्वर कुठून काढायचे?

उद्यमबाग

रुंद भिंगाचा कॅमेरा घ्या, आडवा १२० अंश बघणारा. तो काचेपासून फूट-सव्वा फुटावर पुरतो. कडा फुगीर दिसतील, ते संगणकात सरळ करता येतं. टाकीच्या दोन टोकांना प्रतिमा थोडी अंधारी येईल, तिथं मागच्या पट्ट्या दाट लावा. काचेपासून दीड फुटावर कमरेएवढा बांबूचा कठडा बांधा आणि कॅमेरा त्याच्या आतल्या बाजूला, टाकीच्या मध्यावर, लहान डबीत बसवा. लोक कठड्याच्या बाहेर, कॅमेरा आत.

मासेवाला_कॅम्प

आणि पोरांचे हात काचेपर्यंत पोचणार नाहीत. कठडा दोन फुटांवर करा. प्रसादाचे चुरमुरेही टाकीत पडायचे वाचतील. दरवर्षी कुणीतरी भक्तिभावानं टाकतंच.

टाकी शनिवारी टेम्पो घेऊन न्या, स्पंज ओल्या पिशवीत देतो, वाटेत सुकवू नका. "काच वाजवू नये, खाऊ घालू नये" अशी पाटी मोठ्या अक्षरात, मराठीत आणि कन्नडमध्ये.

मलप्रभा

कन्नडची मी लिहून देते. चौथ्या दिवशी वर्गाला घेऊन येतेय, पस्तीस पोरं आहेत. रांगेत उभं करू का थेट आत?

शहापूरकर

थेट आत की, बाई. फक्त सकाळी अकराच्या आधी या. तेव्हा मासे वर असतात का खाली, ते आम्हालाही बघायचंय.